यादी नको, 'सूर्यवंशम' लावा!

डिसेंबर लागला की आमच्या घरी दोन गोष्टी न चुकता येतात. शेतातून हुरडा आणि पुण्याहून यादी. हुरड्यावर मागे एकदा लिहून झालंय. यादीवर लिहायचं दरवर्षी मनात येतं, पण पाहुणे येतात, जातात, भांडी घासून होतात, तोवर राग निवतो आणि राहून जातं. यंदा पाहुणे यायच्या आत लिहून टाकते. राग ताजा आहे.

यादी म्हणजे नाताळच्या सुट्टीत बघायच्या सिनेमांची यादी. माझा थोरला पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, तो ती बनवतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. यंदा बारा सिनेमे आहेत. 'होम अलोन' आहे, 'एल्फ' आहे, 'लव्ह ॲक्च्युअली' आहे, 'द हॉलिडे' आहे, 'डाय हार्ड' आहे (पुढे कंसात: हा ख्रिसमसचा आहे की नाही यावर चर्चा करू), आणि सगळ्यात शेवटी 'इट्स अ वंडरफुल लाईफ', त्यापुढे शेरा: क्लासिक आहे पण ब्लॅक अँड व्हाईट, वेळ उरला तर. २५ ते ३१ असे सात दिवस, बारा सिनेमे, कुठला कधी, कुठल्या ॲपवर, सगळं मांडलेलं. इतकं नियोजन आमच्या घरात लग्नाचंही झालेलं मला आठवत नाही.

पोरगा गुणी आहे, मायेनं करतो. तो हे वाचणार आहे आणि त्याची आईही वाचणार आहे, म्हणून हे आधी सांगून मोकळी झाले. पण बाळा, तुझी यादी मला मान्य नाही. त्यातले सिनेमे वाईट आहेत असं नव्हे. निम्मे मी पाहिलेत, दोन-तीन तर फार आवडतात. माझं भांडण यादी या प्रकाराशीच आहे. सुट्टीत सगळ्या घरानं मिळून बघायचा सिनेमा नवा असूच नये. तो आधी पाहिलेला असावा, बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला, आणि चांगला पाच-सात वेळा.

एवढं वाचून काही मंडळी माझ्या बाजूनं टाळ्या वाजवायला येतील. 'बरोबर आहे ताई, नाताळ आपला सणच नाही, त्याचे सिनेमे कशाला?' त्यांनी आल्या पावली परत जावं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे आपल्या मराठवाड्यात मराठीतून नाताळ साजरा होतोय त्याला शंभरावर वर्षं होऊन गेली. 'नाताळ' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेऊन इतका घरचा केला की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर, पुण्याची आणि हैदराबादची पोरं उमरीला येतात ती नाताळच्या सुट्टीमुळे. ज्या सणानं माझं घर भरतं त्याला मी परका कोणत्या तोंडानं म्हणू?

शिवाय आमच्याकडे हे दिवस तसेही भरलेलेच असतात. माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे माझ्या माहेरी अहमदपूरकडे येळवस. २०२२ साली ती २३ डिसेंबरला आली होती, २०२४ साली ३० ला. शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, आणि ज्याच्याकडे शेत नाही त्यालाही हाताला धरून जेवायला न्यायचं. ज्यांनी येळवशीची भज्जी खाल्ली नाही त्यांच्याशी मी डिसेंबरवर वाद घालत नाही. तर मुद्दा असा, की सण कोणाचा हा प्रश्नच इथे नाही. प्रश्न संध्याकाळी सात वाजताचा आहे, सगळे दमून घरी आल्यावरचा, जेव्हा कुणीतरी म्हणतं, 'काय लावायचं?'

गेल्या वर्षी काय लावलं ते सांगते. यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा, एक इंग्रजी रहस्यपट. बर्फ पडतंय, मोठा वाडा आहे, नाताळचं जेवण चाललंय आणि खून. खाली अक्षरं इंग्रजीत. बैठकीत अकरा माणसं. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात, कारण अकरा माणसांना भाकरी लागते आणि ती काही यादीत नव्हती. मी दोन भाकरी टाकून बाहेर डोकावले तर मेलेला माणूस जिवंत होऊन पियानो वाजवत होता. 'हा मेला होता ना?' मी विचारलं. 'काकू, हे फ्लॅशबॅक आहे, श्श!' पुन्हा आत. पुन्हा बाहेर. 'आता ही कोण?' 'श्श!'

हे माझं झालं. आमच्या आत्याबाई (म्हणजे सासूबाई, पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी खुलासा) ७८ वर्षांच्या आहेत. त्या मधोमध खुर्चीत बसल्या होत्या. पोरं हसली की त्यांनी विचारायचं, 'कामून हसलालेत रे?' पहिल्यांदा नातवानं सांगितलं. दुसऱ्यांदा थोडक्यात सांगितलं. तिसऱ्यांदा 'थांब आजी, नंतर सांगतो' म्हणाला. साडेसातला त्या उठल्या. 'डोळे दुखलालेत' म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, सुईत दोरा ओवतात. वर्षातून एकदा सगळी नातवंडं एका छपराखाली येतात, त्या दिवसांची त्या दसऱ्यापासून वाट बघतात, आणि त्यातली एक अख्खी संध्याकाळ त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. बैठकीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिकडे खुनी सापडायचा होता.

आता हेच 'सूर्यवंशम' असता तर?

हसा. मला माहीत आहे तुम्ही हसणार. 'सूर्यवंशम'वर हसणं हा गेल्या पंचवीस वर्षांतला राष्ट्रीय उद्योग आहे. १९९९ च्या मे महिन्यात आला, थेटरात पडला, आणि मग सेट मॅक्सनं तो असा काही लावून धरला की पोरांना पाढ्यांच्या आधी हीरा ठाकूर पाठ झाला. त्यातला डबल रोल, ती बस, ती विषाची खीर, यावरचे विनोद माझ्याही फोनवर येतात, मीही पुढे ढकलते. पण आमच्या घरात तो चालू असताना काय होतं ते बघा. आत्याबाई वाती वळत बसतात. मधे उठून देवापाशी दिवा लावून येतात. परत आल्यावर त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही, उलट त्याच सांगतात, 'आता बघ, त्याचा बाप कसा बोलतो.' नात शेजारी असते, तिलाही माहीत असतं, तरी ती 'कसा बोलतो?' म्हणते. मी भाकरी थापते आणि आवाजावरून मला कळतं की बायको कलेक्टर झाली, आता मी दहा मिनिटांनी गेले तरी चालतंय. खिरीच्या वेळेला मात्र आम्ही दोघी जावा हात पुसत बाहेर येतो. उंबऱ्यात उभ्या राहून बघतो. कधी चुकलेली नाही.

हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि तो पोरांच्या डोक्यात शिरत नाही, कारण त्यांना सिनेमाच्या मधे उठावं लागत नाही. नवा सिनेमा, त्यातून रहस्यपट, हा बसून राहणाऱ्या माणसासाठी केलेला असतो. जो उठला तो हुकला. आणि घरात उठणारं माणूस कोण असतं ते मी सांगायला नको. दूध उतू जातं तिच्यासाठी, कुकरची शिट्टी होते तिच्यासाठी, दारात कुणी आलं तर कडी काढते ती. तिला कळेल, आवडेल आणि अर्ध्यातून सोडून पुन्हा धरता येईल असा सिनेमा फक्त एकच, आधी पाहिलेला. तुमच्या याद्यांमध्ये उत्कंठा, पटकथा, छायाचित्रण, सगळ्याला तारे दिलेले असतात. चहाला उठता येतं की नाही याला कुणी तारे दिलेले मी अजून पाहिले नाहीत.

'मग पॉज करू ना काकू.' हे उत्तर दरवर्षी येतं. केलंस तू पॉज, एकदा. अकरा जणांच्या खोलीत सिनेमा थांबवला की काय होतं ते मी पाहिलंय: अकरा जणांनी अकरा फोन काढले, दोघं उठून गच्चीत गेले, आणि मी ओल्या हातानं धावत आले तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आली एकदाची'. तसा पॉज मला नको. मी नसताना चालू राहणारा आणि तरी माझ्यावाचून पुढे न जाणारा सिनेमा मला हवाय. 'मग पुरुषांनी उठावं,' हे दुसरं उत्तर माझ्या हैदराबादच्या भाचीनं दिलंय आणि ते शंभर टक्के मान्य आहे. गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे चहा दीर करतात, बरा करतात. पण मग सिनेमा दिरांचा हुकतो. कुणीतरी उठणारच आहे. घर आहे ते, मल्टिप्लेक्स नव्हे.

आणि पुन्हा पुन्हा बघण्यात काय वाईट आहे हो? श्रावणात आत्याबाई शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात. तोच. दर सोमवारी. 'पुढे काय होतं ते माहितंय की आजी' असं कुणी म्हणत नाही. कीर्तनात बुवा हरिश्चंद्राची गोष्ट सांगतात तेव्हा मांडवातल्या शेवटच्या म्हातारीला शेवट ठाऊक असतो, म्हणूनच ती वेळेवर रडते. गोष्टीचा शेवट फोडणं हे पाप आहे अशी समजूत ही अगदी अलीकडची आहे आणि ती तिकिटं विकणाऱ्यांच्या सोयीची आहे. घरात ती कशाला पाळायची?

ही माझी उमरीची गावंढळ समजूत आहे असं वाटत असेल तर ज्यांच्याकडून याद्या येतात त्यांच्याकडचा हिशोब काढू. तुझ्याच यादीतला शेवटचा घेते, 'वेळ उरला तर'वाला. 'इट्स अ वंडरफुल लाईफ' १९४६ सालचा. फ्रँक काप्रानं काढला, जेम्स स्टुअर्ट नायक. घातलेला पैसा थेटरातून निघाला नाही. पुढं १९७४ साली त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, कारकुनी गफलत. मग अमेरिकेतल्या गावोगावच्या टीव्ही केंद्रांना हा सिनेमा फुकट लावता येऊ लागला. गोष्ट नाताळच्या आदल्या रात्रीची, आणि डिसेंबरात वेळ भरायला काहीतरी लागतंच. त्यांनी तो लावला, लावला आणि लावला. जवळजवळ वीस वर्षं असं चाललं. १९९३ मध्ये मालकीहक्क सांगणारे पुन्हा जागे झाले, तोवर तो अख्ख्या देशाचा नाताळचा सिनेमा होऊन बसला होता. कुठल्या समीक्षकानं निवडला नव्हता, कुठल्या यादीत वर नव्हता. पडलेला सिनेमा, टीव्हीवर फुकट मिळाला म्हणून वारंवार लागलेला, आणि वारंवार लागला म्हणून घरचा झालेला. ओळखीचं वाटतंय का काही? हीरा ठाकूर, नमस्कार.

(तो सिनेमा नाताळचा आहे म्हणून चालला असंही नाही. 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' त्यांनी १९४७ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित केला होता आणि तुझा 'डाय हार्ड' १९८८ च्या जुलैत. घरात कधी लागला त्यावर ठरतं. झाली चर्चा.)

जर्मनीत तर याहून मजा आहे. तिथे ३१ डिसेंबरला 'डिनर फॉर वन' नावाचं एक वीसेक मिनिटांचं प्रहसन दाखवतात. १९६३ साली हँबुर्गमध्ये चित्रित केलेलं, बोलणं सगळं इंग्रजीत. नव्वद वर्षांची बाई वाढदिवसाला चार मित्रांना जेवायला बोलावते. चौघंही कधीच वारलेत. म्हातारा बटलर त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांपाशी जाऊन त्यांच्या वतीनं पितो आणि दर फेरीला वाघाच्या कातड्याला अडखळतो. बस, एवढंच. आख्खा देश वर्षानुवर्षं तेच बघतो, तो कधी अडखळणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इंग्रज नटांचं असूनही खुद्द इंग्लंडात कित्येक दशकं ते कुणाला धड ठाऊक नव्हतं. रशियातही असाच एक आहे, 'आयरनी ऑफ फेट', १ जानेवारी १९७६ ला टीव्हीवर पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून नवं वर्ष त्याच्याशिवाय येत नाही म्हणे. म्हणजे जगात जिथे जिथे सुट्टीचा म्हणून सिनेमा आहे तिथे तो एकच आहे, फार तर दोन. बारा कुठेच नाहीत.

परवा मी एक प्रयोग केला. आत्याबाईंच्या पायाला तेल लावता लावता त्यांना 'इट्स अ वंडरफुल लाईफ'ची गोष्ट सांगितली. आपल्या शब्दांत. एक पोरगा असतो, गाव लहान, त्याला जग बघायला जायचं असतं. बाप घरबांधणीला कर्ज देणारी पतसंस्था चालवत असतो, तो मरतो आणि पोराला गावातच राहून ती चालवावी लागते. धाकटा भाऊ शिकून पुढे जातो, हा अडकतो. एकदा अफवा उठते आणि पैसे काढायला लोकांची रांग लागते, तेव्हा हा आपल्या हनिमूनचे पैसे काढून लोकांना देतो. (पतसंस्थेपुढची रांग काय असते हे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात समजावून सांगावं लागत नाही. त्या लगेच म्हणाल्या, 'लोकांनी काय करावं मग, पोटाला चिमटा घेऊन ठेवलेलं.') पुढे नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा चुलता संस्थेचे ८,००० डॉलर हरवून बसतो. ते गावातल्या धनदांडग्या म्हाताऱ्याच्या हातात पडतात आणि तो चूप बसतो. पोरगा नदीच्या पुलावर जीव द्यायला जातो. तिथे देवदूत भेटतो, तो त्याला दाखवतो की तू नसतास तर हे गाव कसं झालं असतं. घरी परत येतो तर सगळ्या गावानं पदरची नाणी-नोटा आणून टेबलावर ओतलेल्या.

आत्याबाई तेल लावून घ्यायचं विसरल्या. 'त्या म्हाताऱ्यानं पैसे परत केले का पण?' नाही केले, मी म्हणाले, शेवटपर्यंत नाही. 'बघ,' त्या म्हणाल्या, 'खराच दिसतोय सिनेमा.' दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, 'काय नाव त्याचं, त्या पोराचं?' जॉर्ज. 'जार्ज,' त्या म्हणाल्या, आणि आता आमच्या घरात जार्ज आहे. अजून त्यांनी एक चित्र पाहिलेलं नाही, पण त्यांना सगळा ठाऊक आहे. आता तो लावला तर त्या बसतील. भाषा येत नाही तरी बसतील, आणि पुलावर तो उभा राहिला की पोरांना सांगतील, 'घाबरू नका, येतोय देवदूत.' तुझ्या यादीत बाराव्या क्रमांकावर, वेळ उरला तर, असा होता तो.

म्हणजे नवा सिनेमा घरात येऊच नये असं मी म्हणत नाहीये. यावा. वर्षाला एक यावा, आणि त्याची गोष्ट आधी सांगून यावा, शेवटासकट. सून जशी येते तशी. बारा सुना एका आठवड्यात कुणी करतं का?

'होम अलोन' असाच आला होता आमच्याकडे. १९९० चा सिनेमा, आमच्याकडे हिंदीत डब होऊन पोचला. पहिल्यांदा लागला तेव्हा आत्याबाईंना आधी एवढंच सांगितलं होतं, की आख्खं खटलं गावाला निघतं आणि एक पोरगं घरीच राहतं. 'हाव, आपलं नाही का राहिलं होतं,' म्हणाल्या. खरंच राहिलं होतं. एका लग्नाला दोन जीप करून निघालो, या जीपवाल्यांना वाटलं त्या जीपमध्ये आहे, आणि हेच यादी बनवणारे साहेब, वय वर्षे सहा, मागच्या अंगणात बकरीला पाला घालत बसले होते. मुदखेडपर्यंत कुणाला पत्ता नाही. त्यामुळे तो केव्हिन आमचाच आहे. त्यातलं पॅरिस आम्ही मुदखेड धरतो. पुतण्या, नाताळचे सिनेमे या घराला कळत नाहीत असं तुला वाटत असेल तर हे आठव.

मराठीचं काय, असं माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं. तिला वाटलं मी हिंदी-इंग्रजीच घेऊन बसलेय. अगं, मराठीत तर हा हंगामच आहे. 'नटरंग' १ जानेवारी २०१० ला आला, 'बालक-पालक' ४ जानेवारी २०१३ ला, 'टाइमपास' ३ जानेवारी २०१४ ला, 'नटसम्राट' १ जानेवारी २०१६ ला, आणि आपल्या लातूरच्या रितेश देशमुखचा 'वेड' ३० डिसेंबर २०२२ ला. नाताळ आणि संक्रांतीच्या मधे मराठी सिनेमानं चांगलीच जागा धरून ठेवलीय. पण हे थेटरात जाऊन बघायचे. त्यातला घरात दर डिसेंबरला लागेल असा अजून एकही झालेला नाही, कारण पोरं तो पाहतात आणि पुढच्या वर्षी नवा मागतात. 'नटसम्राट' तर मी सुट्टीत लावूच देणार नाही. म्हातारी माणसं समोर बसलेली असताना पोरांनी घराबाहेर काढलेल्या बापाचा सिनेमा? तो आपापला एकट्यानं बघावा, आणि मग आईला फोन करावा.

घरात मुरलेला मराठी सिनेमा एकच, 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा. (तो मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, आणि 'सूर्यवंशम' तमिळवरून. घरात जे मुरतं ते बहुतेक वेळा कुठून तरी आलेलंच असतं.) तो आमच्याकडे का टिकला याचं कारण मी पुण्याच्या मंडळींना सांगते, तुम्हाला ते दिसायचं नाही. पुण्यात खोली मिळत नाही, हा तुम्हाला विनोद वाटतो. इकडे प्रत्येक घरात एक पोरगा असा आहे जो पुण्यात खोली शोधत फिरलाय, ज्याला 'फक्त फॅमिलीला देतो' असं ऐकून घ्यावं लागलंय, आणि जो चौघांत एक खोली करून राहिलाय. धनंजय माने आमच्या पोरांची अडचण सोडवत असतो. आत्याबाईंना त्यातल्या निम्म्या कोट्या कळत नाहीत, पण घरमालकिणीला फसवताना त्या दर वेळी 'असं करू नये' म्हणतात आणि दर वेळी पदरात तोंड लपवून हसतात.

एकाच सिनेमाबद्दल मात्र मला खरी हळहळ आहे, 'शेजारी'बद्दल. प्रभातचा, १९४१ चा, शांतारामबापूंचा. जिवबा आणि मिर्झा, दोन म्हातारे, शेजारी शेजारी, बुद्धिबळ खेळणारे. गावात धरण बांधायला पैसेवाला येतो आणि जमिनी हव्यात म्हणून दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून जातात. धरण, पाणी आणि शेजारी यांच्यावरची भांडणं इथे कुणाला नवी आहेत? पलीकडच्या बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्यं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २०१३ साली निकाल लागला. आपल्या कायद्यानं सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे 'शेजारी' कधीचाच सगळ्यांचा झालाय. त्या जार्जच्या सिनेमासारखाच, फुकट. तिकडे फुकट मिळाल्यावर गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी तो लावून लावून घराघरात पोचवला. इकडे तीच संधी असून आपल्या वाहिन्यांना तो दर डिसेंबरला लावावासा वाटत नाही, आणि आपल्यालाही मागावासा वाटत नाही, कारण आपण यादीतला नववा बघायच्या घाईत असतो.

मधला दीर म्हणतील, वहिनी, आवड ज्याची त्याची, एकाच सिनेमाची सक्ती कशाला, आता प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. भाऊजी, तेच तर. ३५८ दिवस प्रत्येकाच्या हातात पडदा आहेच. तुमच्या पुण्याच्या घरात चार माणसं चार खोल्यांत चार वेगवेगळे सिनेमे बघतात हे मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिलंय, कानात बोंडं घालून, घर कसं स्मशानासारखं शांत. त्यात मी पडत नाही. उरलेल्या सात दिवसांत रोज एक संध्याकाळ मागतेय.

तर यंदाचं असं. यादी रद्द. पंचवीसला 'होम अलोन', हिंदीतला. सव्वीसला जार्ज, गोष्ट मी आधी सगळ्यांना सांगेन, कुणी 'काकू स्पॉयलर' म्हणून ओरडायचं नाही. सत्तावीसला 'शेजारी', तो मी मिळवलाय, गोष्ट त्या दिवशी दुपारी हुरडा भाजताना. उरलेल्या दिवसांत 'बनवाबनवी' की 'सूर्यवंशम', यावर जाऊबाईंचं आणि माझं एकमत नाही. त्या 'बनवाबनवी'च्या बाजूच्या आहेत. त्यामुळे मतदान घेऊ. चहा करणाऱ्याला एक मत, भाकरी करणारीला दोन, आणि आत्याबाईंचं मत पाच धरलं जाईल. यादी पाठवणाऱ्याला मत नाही, पण त्यानं यायचं आहे, आणि येताना आजीच्या खुर्चीला लावायला ती मऊ उशी आणायची आहे, मागच्या वर्षी आणतो म्हणाला होता ती.